चेहरा एकाचा, नाव दुसऱ्याचं : जुन्या छापचित्रांतली चुकीची ओळख

शाईपुसणी

आद्रियां-मारी लजांद्र हा फ्रेंच गणिती १८३३ मध्ये वारला. त्याच्या नावाच्या बहुपदी अजून विद्यार्थ्यांचा पिच्छा पुरवतात. त्याचा चेहरा म्हणून पुस्तकांत, कोशांत आणि नंतर जालावर एकच चित्र फिरत राहिलं: बाजूने दिसणारा, करारी मुद्रेचा एक माणूस. हा माणूस लजांद्रच आहे, फक्त लुई लजांद्र. पॅरिसचा खाटीक, पुढे राज्यक्रांतीतला पुढारी, १७९७ मध्ये वारलेला. चित्राखाली नुसतं आडनाव होतं, दोघांचं जन्मसालही १७५२. कोणीतरी पहिल्यांदा उचललं आणि पुढच्यांनी त्याच्यावरून घेतलं. गफलत लक्षात आली ती २००५ च्या सुमारास.

मग गणिती लजांद्र दिसायचा कसा? ज्युलियां-लेओपोल्ड ब्वायी याने १८२० मध्ये फ्रान्सच्या इन्स्टिट्यूटच्या सदस्यांची ७३ रंगीत व्यंगचित्रं काढली होती. त्या संग्रहात तो सापडतो आणि आजवर माहीत असलेलं त्याचं तेवढं एकच चित्र. म्हणजे इतका मोठा गणिती आणि त्याचा खरा चेहरा आपल्याला फक्त टवाळीतून कळतो.

अशा गोष्टींना आपण ‘चुकून झालं’ म्हणून सोडून देतो. माझं म्हणणं असं की जुन्या छापचित्रांच्या धंद्यात ही चूक होणं जवळपास ठरलेलंच होतं. तांब्याची पाटी कोरायला महिने लागत. चेहरा कोरणारा एक, खालची अक्षरं कोरणारा बऱ्याचदा दुसरा, आणि कोणाचं नाव घालायचं हे ठरवणारा प्रकाशक तिसरा. चित्रातला माणूस या तिघांपैकी कोणी पाहिलेला असेलच असं नाही. कित्येकदा तो मरून शंभर वर्षं झालेली असत. तेव्हा खालचं नाव हा त्या माणसाबद्दलचा पुरावा मानू नये. प्रकाशकाने अमुक साली केलेला तो एक दावा आहे, इतकंच.

अगदी सुरुवातीला तर कोणी फसवाफसवी करतोय अशी भावनाही नव्हती. १४९३ मध्ये न्युरेंबर्गला छापलेल्या हार्टमान शेडेलच्या जगाच्या इतिवृत्तात १८०९ चित्रं आहेत, ती छापायला वापरलेले लाकडी ठसे मात्र ६४५. एकच दाढीवाला एका पानावर राजा, दुसऱ्यावर तत्त्ववेत्ता. शहरांचंही तेच. वाचकाला ‘इथे एक थोर माणूस होऊन गेला’ एवढी खूण पुरत असावी. पुढे १५५३ मध्ये लियोंच्या गियोम रुयेने नाण्यांसारख्या गोल चौकटींत ८२८ चेहरे छापले, आणि सुरुवात थेट आदम-हव्वेपासून! त्यातले कित्येक चेहरे आजही जालावर त्या त्या व्यक्तीच्या पानावर गंभीरपणे विराजमान आहेत.

असे आणखी नमुने माहीत असतील तर टाका. मला विशेषतः ओळख कशी पटली किंवा कशी मोडली, ते वाचायला आवडेल.

गणितवेडा

झकास धागा. लजांद्रचा किस्सा माहीत होता. एक दुरुस्ती: ते लुईचं चित्र ताम्रपटावर कोरलेलं नाही, डेलपेकच्या कारखान्यातलं शिळाछाप आहे. दगडावर चरबीयुक्त खडूने काढायचं, कोरायचं काही नाही. निष्कर्षात फरक पडत नाही, पण काळ कळतो. शिळाछाप आलं १७९८ च्या आसपास, त्यामुळे चित्रं स्वस्त झाली, मालिका निघू लागल्या, आणि चुकाही घाऊक झाल्या.

गणितातलाच दुसरा नमुना थॉमस बेझ, नवा पुरावा आला की संभाव्यता कशी बदलायची याचं सूत्र ज्याच्या नावाने ओळखतात तो इंग्रज पाद्री. संभाव्यतेच्या कुठल्याही पुस्तकात झळकणारं ते पाद्र्याचं चित्र १९३६ मध्ये विमाव्यवसायाच्या इतिहासावरच्या एका पुस्तकात आलं. बेझ वारला १७६१ ला. मधल्या पावणेदोनशे वर्षांत चित्राचा पत्ता नाही. शिवाय केशभूषा आणि गळपट्टा त्याच्या काळातल्या त्याच्या पंथाच्या पाद्र्याला शोभत नाहीत. ज्याचं अख्खं नाव पुरावा बघून मत बदलण्याशी जोडलेलं, त्याच्याच बाबतीत लोक बदलायला तयार नाहीत.

निळीशाई

वाचतेय. १८०९ चित्रं आणि ६४५ ठसे हे वाचून हसले.

दप्तरखाना

ओळख कशी मोडली ते विचारलंत, तर मला सगळ्यात आवडणारी केस लेडी जेन ग्रेची. इंग्लंडची नऊ दिवसांची राणी, १५५४ मध्ये शिरच्छेद. तिचं हयातीत काढलेलं, सर्वांना मान्य असं एकही चित्र नाही. १६२० मध्ये हेन्री हॉलंडने इंग्रज थोरांचा एक चित्रग्रंथ काढला. त्यातली कोरीव चित्रं विलेम आणि माग्दालेना व्हान दे पासे या भावंडांची. त्यात ‘जेन ग्रे’ आहे. मृत्यूनंतर ६६ वर्षांनी. ती चित्राकृती कुठल्यातरी जुन्या तैलचित्रावरून घेतलेली, आणि ते कोणाचं हे हॉलंडला नेमकं माहीत होतं असं मानायला काही आधार नाही.

खरी गंमत पुढे. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत एका तरुण स्त्रीचं पूर्णाकृती तैलचित्र आहे. आधी तिला कॅथरिन पार, म्हणजे आठव्या हेन्रीची शेवटची राणी, म्हणत. १९६० च्या दशकात गॅलरीत आल्यावर तिला जेन ग्रे ठरवलं गेलं. का? तर तिच्या अंगावरचे दागिने त्या १६२० च्या कोरीव चित्रातल्या ‘जेन’च्या दागिन्यांशी जुळतात म्हणून. तर्क बिनचूक आहे. फक्त ज्याच्याशी ताडून पाहिलं तेच चुकीचं निघालं. १९९६ मध्ये सुझन जेम्स यांनी राजवाड्यातल्या दागिन्यांच्या याद्या काढल्या. चित्रातला मुकुटाच्या आकाराचा तो अलंकार कॅथरिन पारच्या यादीत सापडला. म्हणजे तैलचित्रही पारचं आणि बहुधा ते कोरीव चित्रही.

चेहऱ्यावरून काहीच ठरलं नाही, हे लक्षात घ्या. ठरवलं ते कोठीच्या कारकुनाने केलेल्या यादीने. म्हणून मी म्हणतो की चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघावं.

तिरकस

इतकं सगळं ठीक आहे हो, पण बिघडलं काय? जेनचं खरं चित्र नाहीच आहे. मग लोकांनी एक चेहरा मानला तर मानला. देवादिकांचे चेहरे आपण मानतोच की. चित्र म्हणजे खूण. त्या न्युरेंबर्गवाल्यांना जे कळत होतं ते आपल्याला कळत नाही, एवढंच.

दप्तरखाना

@तिरकस, न्युरेंबर्गच्या वाचकाला ती खूण आहे हे ठाऊक होतं, असं मानू. हॉलंडच्या वाचकाला ठाऊक नव्हतं. त्याला ‘हीच ती’ असं सांगून पुस्तक विकलं. दोन्हींत फरक आहेच.

आणि बिघडतं ते असं. ओलाउडा इक्वियानो. गुलामगिरीतून सुटून १७८९ मध्ये लंडनमध्ये स्वतःचं चरित्र स्वतःच प्रकाशित केलं. त्या पुस्तकाच्या सुरुवातीला त्याने स्वतःचं कोरीव चित्र घातलं: डेंटनने काढलेल्या चित्रावरून डॅनियल ऑर्मने कोरलेलं. हातात उघडं बायबल, प्रेषितांची कृत्ये, अध्याय ४. म्हणजे आपण कसं दिसावं, काय वाचताना दिसावं, हे त्याने ठरवलेलं. तरीही अनेक वर्षं त्याच्यावरच्या पुस्तकांची मुखपृष्ठं सजली ती एक्सिटरच्या संग्रहालयातल्या एका तैलचित्राने. लाल कोटातला देखणा आफ्रिकी तरुण. चित्र सुंदर आहे यात वाद नाही. पण तो इक्वियानो असल्याला पुरावा नाही, आता संग्रहालयही त्याला इक्वियानो म्हणत नाही. स्वतः निवडलेला चेहरा बाजूला ठेवून लोकांनी त्याला दुसरा दिला, कारण तैलरंग जास्त रुबाबदार दिसतो. हे मला तरी खटकतं.

आणि त्या लाल कोटातल्या तरुणाचं काय? तोही कोणीतरी होता. दुसऱ्याचं नाव चिकटलं की त्याचा शोध घ्यायचं कारणच उरत नाही.

तिरकस

हा शेवटचा मुद्दा मान्य. बाकी ठिकाणी मी माझ्या मतावर ठाम.

शाईपुसणी

दप्तरखाना, इक्वियानोचं उदाहरण फार चांगलं आणलंत, कारण इथे कोरीव चित्र अस्सल आणि तैलचित्र संशयास्पद. सहसा लोक उलटं धरून चालतात: छापील म्हणजे नक्कल, रंगवलेलं म्हणजे मूळ.

सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाच्या बाबतीतही एका कोरीव चित्रानेच निकाल लावला. हूकचं खात्रीचं चित्र उपलब्ध नाही. २००३ मध्ये लिसा जार्डिन यांनी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधलं एक तैलचित्र हूकचं म्हणून आपल्या पुस्तकावर घेतलं. त्याआधी त्यावर जॉन रे या निसर्गशास्त्रज्ञाचं नाव होतं, आणि तो रे नाही एवढं त्यांचं बरोबर होतं. पण थोड्याच काळात विल्यम जेन्सन या रसायनाच्या इतिहासकाराने दाखवून दिलं की हा बेल्जियन वैद्य-रसायनी व्हान हेल्मोंट. कशावरून, तर १६४८ मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथाच्या सुरुवातीला बापलेकाचं जोडचित्र कोरलेलं आहे, त्यातला बाप आणि हा एकच. जार्डिन यांनीही मग ते मान्य केलं. इथे कोरीव चित्र कामी आलं, कारण ते खुद्द मुलाने बापाचे ग्रंथ छापून काढताना घातलं होतं. जेन ग्रेच्या चित्राला असा घरचा साक्षीदार नव्हता.

भिंगवाला

मी छापचित्रं गोळा करतो, त्यामुळे धंद्याच्या बाजूने थोडं.

पाटी महाग. त्यामुळे माणूस बदलला तरी पाटी टाकून देत नसत, डोकं घासून काढत आणि नवीन डोकं कोरत. सगळ्यात गाजलेली पाटी पिएर लोंबारची. व्हान डाइकने काढलेल्या इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या घोड्यावरच्या चित्रावरून तिची रचना. त्यात ऑलिव्हर क्रॉमवेलचं डोकं बसवून छपाई झाली. नंतर डोकं पुसलं. त्या अवस्थेतले बिनडोक्याचे स्वाराचे छापही शिल्लक आहेत. मग चौदाव्या लुईचं डोकं, परत क्रॉमवेल, आणि शेवटी पहिला चार्ल्स. ज्याने चार्ल्सचा शिरच्छेद घडवून आणला त्याच्याच धडावर अखेर चार्ल्सचं डोकं! घोडा, चिलखत, बाजूला शिरस्त्राण घेऊन उभा पोरगा, सगळं तेच. एकच छाप हातात आला तर हा इतिहास कळायला मार्ग नाही; वेगवेगळ्या अवस्थांतले छाप शेजारी ठेवले तरच उलगडतो. पुसलेल्या जागी पाटी किंचित खोलगट होते आणि जुन्या रेघांची भुतं राहतात, ती भिंगातून दिसतात.

अमेरिकेत हाच प्रकार लिंकनच्या बाबतीत. गुलामगिरीचा कट्टर समर्थक जॉन कॅलहून याचं रिची नावाच्या कोरणाऱ्याने १८५२ मध्ये केलेलं रुबाबदार उभं चित्र होतं. नंतर त्याच्याच धडावर लिंकनचं डोकं बसवून चित्र निघालं. टेबलावरच्या कागदांवर कॅलहूनच्या आवडीची वाक्यं होती, ती बदलून ‘संघराज्य’, ‘स्वातंत्र्याचा जाहीरनामा’ वगैरे केली. हे उघडकीला आलं ते चामखिळीने. लिंकनची चामखीळ उजव्या गालावर, या चित्रात ती डाव्या गालावर.

चामखिळीवरून एक उपयोगाची गोष्ट. पाटीवर जसं कोराल त्याच्या उलटं कागदावर उमटतं. हुशार कारागीर आरसा लावून उलटं कोरत असे, आळशी तसंच कोरत असे. त्यामुळे आधी बघा: तलवार कुठल्या कमरेला, कोटाची बटणं कुठल्या बाजूला, मानाचा पट्टा कुठल्या खांद्यावरून. उलटं असेल तर चित्र नकलेची नक्कल असण्याची शक्यता वाढते. नकलांच्या साखळीत नाव कुठल्या कडीला चिकटलं हे मग शोधता येतं.

पाहुणी

बिनडोक्याचा स्वार! हे माहीत नव्हतं.

एक शंका. चित्राखाली लॅटिनमध्ये काहीबाही लिहिलेलं असतं, ‘प्रत्यक्ष बघून काढलं’ असंही कधी कधी असतं. त्यावर विश्वास ठेवायचा का?

भिंगवाला

पाहुणी, ‘पिंक्सिट’ सोबतचं नाव मूळ रंगवणाऱ्याचं, ‘स्कल्पसिट’ म्हणजे कोरणाऱ्याचं, ‘एक्सकुडिट’ म्हणजे छापून विकणाऱ्याचं. ही नावं बहुधा बरोबर असतात, कारण त्यांना त्यात नाव आणि पैसा दोन्ही मिळायचं. ‘अ‍ॅड विवुम’, म्हणजे समोर बसवून काढलं, हे जाहिरातीचं वाक्य समजा. खरंही असतं. पण आधी तारखा ताडून बघा. आंद्रे तेवे या फ्रेंच लेखकाने १५८४ मध्ये ‘खरी व्यक्तिचित्रं’ असं शीर्षकातच ठोकून ग्रंथ काढला, त्यात गुटेनबर्ग आहे. गुटेनबर्ग मेला १४६८ ला. आज टपाल तिकिटांपासून पुतळ्यांपर्यंत गुटेनबर्गची जी लांब दाढी दिसते ती अशाच मरणोत्तर चित्रांतून आली.

नाव, उपाधी, वय, साल यांची अक्षरं चित्रापेक्षा नवीन वळणाची दिसली तर सावध व्हा. अक्षरं न कोरलेले सुरुवातीचे छाप मिळाले तर उत्तम. तिथे चित्र एकटं बोलतं.

निळीशाई

टपाल तिकिटांवरून आठवलं. कोलंबसच्या पहिल्या सफरीला चारशे वर्षं झाल्याच्या निमित्ताने अमेरिकेने १८९३ मध्ये कोरीव तिकिटांची सुरेख मालिका काढली. एक सेंटच्या तिकिटावर त्याला जमीन दिसते आहे आणि दाढी-मिशी सफाचट. दोन सेंटच्या तिकिटावर तो किनाऱ्यावर उतरतोय, चांगली वाढलेली दाढी! मधे काही तास गेलेत फक्त. कारण सरळ आहे, दोन तिकिटं दोन वेगळ्या चित्रांवरून कोरली, आणि दोन्ही चित्रकारांनी आपापला कोलंबस रंगवला होता. त्याचं हयातीतलं चित्र कुठेच नाही. सेबास्तियानो देल प्योंबोचं न्यूयॉर्कमधलं प्रसिद्ध चित्र १५१९ चं आहे आणि कोलंबस वारला १५०६ मध्ये.

दप्तरखाना

चित्राला नाव चिकटवण्यात हौशी लोकांचाही वाटा मोठा. १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजर या पाद्र्याने इंग्लंडच्या इतिहासातल्या व्यक्तींची कोरीव चित्रांसकट वर्गवार जंत्री काढली. त्यानंतर पुस्तकात पदरची चित्रं डकवून ते जाडजूड करायचं वेडच पसरलं. जुन्या ग्रंथांतून चित्रं फाडून काढली जाऊ लागली. एकदा मूळ पानापासून तुटलं की चित्राचा संदर्भ गेला. मागणी इतकी की ज्यांचं चित्र नव्हतं त्यांचंही ‘सापडू’ लागलं.

त्याच्या आधीचा हूब्राकेन बघा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये बसून इंग्रज थोरांची चित्रं कोरायचा. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने त्याच्यावर टीका केली की याला इंग्लंडचा इतिहास ठाऊक नाही, आलेलं रेखाटन कोणाचं याची चौकशी नाही, येईल ते कोरत बसला. कोरीवकाम मात्र अप्रतिम! मला वाटतं खरा घोळ तिथेच होतो. ओबडधोबड चित्रावर लोक शंका घेतात, सुबक चित्रावर घेत नाहीत.

मुखपृष्ठ

आपल्याकडचं उदाहरण कोणी दिलं नाही अजून. वा. सी. बेंद्रे यांनी परदेशी कागदपत्रांतून शिवछत्रपतींचं चित्र शोधून पुढे आणेपर्यंत इब्राहीमखान नावाच्या माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं.

शाईपुसणी

मुखपृष्ठ, हो, आणि तिथेही मार्ग तोच: चित्र मुळात कोणत्या ग्रंथातून आलं इथपर्यंत मागे जाणं.

शेक्सपिअरही यात आहेच. ‘यान्सन’ नावाने ओळखलं जाणारं तैलचित्र १७७० मध्ये रिचर्ड अर्लमच्या मेझोटिंटमुळे (हाही कोरीव छापचित्राचाच एक प्रकार) शेक्सपिअर म्हणून घरोघरी पोचलं. १९८८ मध्ये साफसफाई केली तेव्हा कळलं की त्या माणसाचं कपाळ नंतर रंगवून मोठं केलेलं आहे. खाली चांगले भरघोस केस! कारण उघड आहे. त्याच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहावर ड्रोशाउटने कोरलेला शेक्सपिअर टकला आहे, आणि कोरीव चित्राशी जुळावं म्हणून तैलचित्रातल्या माणसाचे केस उडवले. आता तो टॉमस ओव्हरबरी हा इंग्रज कवी असावा असं बरेच जण मानतात. मग अर्लमने त्या उडवलेल्या केसांसकट पुन्हा कोरीव प्रत केली. म्हणजे कोरीववरून रंगीत सुधारलं आणि रंगीतवरून परत कोरीव.

गणितवेडा

आता चेहरा ओळखणारी संगणकप्रणाली लावून हे सोडवता येईल का? कोणी प्रयत्न केलेत का यापेक्षा, तत्त्वतः चालेल का असं विचारतोय.

भिंगवाला

माझ्या मते फारसं नाही. कोरणाऱ्याच्या हाताची एक सवय असते. एकाच कारागिराने कोरलेल्या दहा जणांची नाकं एकमेकांशी जास्त जुळतात, आणि एकाच माणसाची दोन कारागिरांनी कोरलेली नाकं कमी. यंत्र त्यातून कारागीर ओळखेल, बसलेला माणूस नाही. त्यापेक्षा कागदाचा पाणठसा, पाटीची मापं, अक्षरांचं वळण यात वेळ घालवलेला बरा.

आणि जालावर चित्र टाकून शोधणं तर याहून वाईट. ते प्रती मोजतं. लुई लजांद्रच्या चित्राला गणिती म्हणणाऱ्या हजार प्रती असतील तर निकाल हजाराच्या बाजूने.

पाहुणी

मग लेखात असं चित्र वापरायचंच असेल तर खाली लिहायचं काय? दरवेळी एवढा तपास कोण करणार?

शाईपुसणी

तपास नाही केला तरी तीन गोष्टी लिहिता येतात: चित्र कोणी कोरलं, कोणत्या साली छापलं, आणि तो माणूस कधी वारला. ‘लेडी जेन ग्रे’ असं न लिहिता ‘लेडी जेन ग्रे म्हणून १६२० मध्ये प्रसिद्ध झालेलं चित्र, कोरणारे व्हान दे पासे, जेनचा मृत्यू १५५४’. वाचक वजाबाकी करतो. आणि शक्य असेल तर चित्र कापू नका. खालची अक्षरांची पट्टी लोक सर्रास उडवतात, सगळी माहिती तिथेच असते.

तिरकस

पट्टी न कापण्याला माझाही पाठिंबा. नाहीतर पुढच्या पिढीत तुमचा फोटो माझ्या नावावर खपेल.

दप्तरखाना

@शाईपुसणी, त्या ओळीत प्रकाशकाचं नावही घाला. हूब्राकेनचीच पाटी वेगळ्या प्रकाशकाकडे गेली की कधी नाव बदलतं, कधी पदवी. मी माझ्याकडच्या काही छापांच्या पट्ट्यांचे फोटो उद्या वेगळ्या प्रतिसादात टाकतो. त्यात एकाच पाटीचे दोन छाप आहेत, भिंगवाल्यांनी बघून पुसलेल्या रेघा दिसतात का ते सांगावं.